एक की दोन

डोकं धरून कोणी पायरी चढलं की काचवाल्याची कळी खुलायची. माणसाचं डोकं दुखतंय याचा त्याला आनंद व्हायचा असं नाही, इतका काही तो दुष्ट नव्हता. पण आपल्या हातातला रोग आपल्या दारात चालून आला, हे समाधान त्याला लपवता येत नसे. "बसा, बसा," तो म्हणायचा. "डोक्याचा काही दोष नाही हो. कुरकुरतात डोळे आणि मार खातं डोकं. नंबर काढला की संपलं." आणि खोटं कशाला बोला, पुष्कळांचं खरंच संपायचं. म्हणून तर त्याचं नाक इतकं वर गेलं होतं.

दुकान म्हणजे बोळकांडीच. पुढे काचेचं कपाट, भिंतीवर आरसा, अक्षरांचा तक्ता आणि मधोमध गोल फिरवून उंच-खाली करायची खुर्ची. कपाटाखाली मखमलीचं अस्तर लावलेली लाकडी पेटी, तिच्यात तपासणीच्या गोल काचा आपापल्या खाचेत उभ्या. त्या काचा बसवून बघायची एक लोखंडी फ्रेम होती. ती नाकावर चढवली की भला माणूसही नाकतोड्यासारखा दिसायचा. पण काचवाल्याचं खरं राज्य पडद्यामागे होतं. तिथे घासायचा दगड होता आणि त्यावर पाण्याची बारीक धार. बाकीचे दुकानदार काचा कारखान्यातून घडवून आणत, हा स्वतः घासायचा. बापाने शिकवलं होतं आणि आपला हात बापापेक्षा बारीक आहे, असं तो बाप जिवंत असल्यापासून म्हणत आला होता.

रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या अगदी समोर, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या पाटीकडे काचवाला बघत नसे. त्याला कारण होतं. एक शिंपी त्याच्याकडे यायचा. एका डोळ्याने अंधारल्यासारखं दिसतं, अशी त्याची तक्रार. काचवाल्याने त्याची काच बदलली, पुन्हा बदलली, आणखी एकदा बदलली. शेवटी शिंप्याची बायको त्याचं मनगट धरून त्याला पलीकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाई भरल्या दवाखान्यात म्हणाल्या, "काचबिंदू आहे. हा डोळा गेला. इतके दिवस काय काचा बदलत बसला होतात?" शिंपी तिथून उठला तो तडक काचवाल्याच्या पायरीवर आला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याने ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. दुसरा कोणी यातून शहाणा झाला असता. काचवाल्याने धडा घेतला तो एवढाच, की कोणाला पलीकडे पाठवायचं म्हणजे आपल्याच थोबाडीत मारून घ्यायची. त्यानंतर पलीकडच्या बाजूला काम निघालं तरी तो पुढच्या चौकातून वळसा घालून जायचा.

घर दुकानाच्या वरच, दोन खोल्यांचं. बायको बेकरीत कामाला होती. उजाडायच्या आत भट्टीवर हजर व्हायचं, ब्रेडचे ट्रे काढायचे, आणि दुपारी केसांत मैदा घेऊन परत यायचं. मुलगी एकच. चालताना मध्येच गिरकी घ्यायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. शाळेच्या पटावर दुसरं नाव होतं, ते फक्त हजेरीपुरतं. नऊ वर्षांची भिंगरी सकाळी बापाच्या वाट्याला यायची आणि दुपारनंतर आईच्या. दोघांनी तिला अशी नीट वाटून घेतली होती, आणि दुखणं नेमकं सकाळच्या वाट्यात येऊन बसलं.

सकाळी जाग आली की ती बिछान्यातच बसून राहायची, दोन्ही हातांनी डोक्याची मागची बाजू धरून. "बाबा, आतून कोणीतरी ढकलतंय." मग उलटी. मळमळ नाही, कोरड्या उबळा नाहीत, एकदम भडाभडा उलटी. ती झाली की पोरीच्या तोंडावर टवटवी यायची. दूध-ब्रेड खाऊन ती शाळेत जायची. दुपारी आई घरी येईपर्यंत भिंगरी ठणठणीत.

"पित्त आहे," काचवाला म्हणाला.

"गणिताचं पित्त," बायको म्हणाली. "दुपारी बघा कशी उंडारते. तुम्ही लाडावून ठेवलंय तिला."

बेकरीच्या सुट्टीच्या दिवशीही पोरीचं डोकं दुखायचंच. पण त्या दिवशी आई उशिरापर्यंत झोपायची आणि बाप पोरीच्या कानाशी पुटपुटायचा, "आईला उठवू नकोस हं, दमते बिचारी." भिंगरी शहाणी. आवाज न करता बादलीत ओकायची आणि बादली स्वतःच धुवून ठेवायची.

मग एक दिवस शाळेतून आल्यावर ती हसत हसत म्हणाली, "बाबा, आमच्या बाई जुळ्या झाल्या."

"म्हणजे?"

"दोन बाई. दोन काळे फळे. एक डोळा झाकला की एकच बाई राहते."

ही गोष्ट काय आहे हे काचवाल्याला ठाऊक नव्हतं, असं कोणी समजू नका. त्याच्या बापाने चांगल्या धडधाकट वयात, दगडावर काच धरून, त्याला एक नियम सांगितला होता. "मोठ्या माणसाला दोन दिसायला लागलं तर विचार कर. लहान पोराला एकाएकी दोन दिसायला लागलं तर विचारही करू नकोस. दगड बंद कर आणि त्याला डॉक्टरकडे पाठव. त्याची कारणं काचेत नसतात, डोक्यात असतात." काचवाल्याला ते शब्द आठवले. दगडासमोर उभं असताना अगदी बापाच्या आवाजात आठवले. आणि त्याने स्वतःची समजूत घातली, की हा नियम ज्यांच्या बापांना काच घासता येत नाही त्या पोरांसाठी आहे.

त्याने भिंगरीला खुर्चीवर बसवलं, खुर्ची गोल फिरवून उंच केली. तेवढ्यावरच ती खिदळली. लोखंडी फ्रेम चढवली, एका डोळ्यावर बारीक पन्हळांची लाल काच लावली आणि समोर बॅटरी धरली. अशा वेळी एका डोळ्याला पांढरा दिवा दिसतो आणि दुसऱ्याला लाल रेघ. डोळे सरळ असतील तर रेघ दिव्यावर येते.

"एक की दोन?"

"दोन. रेघ इकडे, दिवा तिकडे."

तिची मान एका बाजूला कलली होती. त्याने हनुवटीखाली दोन बोटं घालून ती सरळ केली आणि पेटीतून तिरप्या काचा काढल्या. एक कड पातळ आणि एक कड जाड, अशी ही काच वाकड्या डोळ्याला वस्तू सरकवून दाखवते. डोळा वाकडा तो वाकडाच राहतो, फक्त त्याची तक्रार बंद होते. एक काच लावली, काढली, दुसरी लावली.

"आली! रेघ दिव्यावर आली! एक झालं, बाबा!"

काचवाल्याने तिला खुर्चीसकट गरगर फिरवलं. असा आनंद त्याला कित्येक दिवसांत झाला नव्हता. त्या दिवशी त्याने दुकान अर्धं बंद ठेवलं आणि पडद्यामागे बसून, बाहेरची कड जाड ठेवून, दोन्ही काचा अशा काही घासल्या की बघणाऱ्याला वाटावं, साधाच चष्मा आहे. चष्मा चढवून भिंगरी रस्त्याकडे बघत राहिली. एक दिव्याचा खांब, एक सायकल, एक बाबा. चार-आठ दिवस तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तिच्याकडे बोट दाखवून सांगत होता, "पोरीला दोन दिसत होतं. बघा, एक करून दिलं." बायकोला मात्र त्याने एवढंच सांगितलं होतं, की पोरीला नंबर लागलाय.

डोकं मात्र थांबलं नाही. उलटी थांबली नाही. काही आठवड्यांनी बाई पुन्हा जुळ्या झाल्या, मग काचवाल्याने आणखी जाड कडेचा दुसरा चष्मा केला. तिरकेपणा वाढतो म्हणजे काहीतरी ढकलतंय, हे कळायला त्याच्या बापाचीही गरज नव्हती. त्याला तसं वाटलंही, एका दुपारी. पण समोरची पाटी दिसली आणि त्याने काच दगडाला लावली.

शाळेत तिला आता झिंगी म्हणायला लागले होते. पाय फाकून चालायची, वळताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. पोरं तिच्यामागे झिंगत झिंगत चालून दाखवत आणि पहिल्या बाकावरची मुलगी "आज किती प्यालीस गं?" म्हणून विचारी. बाईंनी पोरांना दटावलं, मग भिंगरीलाही दटावलं. "मान सरळ ठेव. सोंगं पुरेत. घरी काही धाक आहे की नाही?" घरी धाक होता. जेवताना, अभ्यासाला बसताना, दात घासताना काचवाल्याची दोन बोटं तिच्या हनुवटीखाली असत. "मान सरळ. काच सरळ मानेसाठी घासलीय." मान सरळ केली की तिला मागे कळ यायची. ती डोळे मिटून घ्यायची आणि सरळ ठेवायची.

एकदा वर्गातच उलटी झाली. शाळेने घरी पाठवलं, तेव्हा आईने हट्ट धरला. "डॉक्टरला दाखवा. मला सुट्टी नाही, तुम्ही न्या."

नेलं. गल्लीच्या टोकाचे म्हातारे डॉक्टर. सर्दी असो की सांधेदुखी, एकच पांढरी गोळी देत, म्हणून लोक त्यांना गोळीवाले म्हणत. पण माणूस अडाणी नव्हता. त्यांनी नेमके तेच प्रश्न विचारले जे विचारायला हवे होते. हे लिहिताना राग येतो तो त्याचाच.

"काय गं, कधी दुखतं? सकाळी की संध्याकाळी?"

"सकाळी."

"उठल्या उठल्या?"

"शाळेची वेळ झाली की," काचवाला मध्येच म्हणाला. डॉक्टर हसले.

"उलट्या?"

"पित्त आहे. मलाही लहानपणी होतं."

"तोल जातो का चालताना?"

"चष्मा नवा आहे ना, सवय होतेय."

डॉक्टरांनी भिंगरीचा चेहरा आपल्याकडे वळवला. "आणि एकाच्या दोन वस्तू दिसतात का?"

"आता नाही दिसत," भिंगरी म्हणाली. "पण आधी..."

काचवाल्याचा हात तिच्या खांद्यावर पडला. जोरात नाही, पण पोरीला बापाच्या हाताची भाषा कळते. ती गप्प झाली. काचवाल्याला त्या क्षणी सगळं दिसत होतं. 'आधी दिसायचं' हे डॉक्टरांच्या कानावर गेलं की ते म्हणणार, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. डोळ्यांच्या डॉक्टर एकच. मग भरल्या दवाखान्यात त्या बाई पुन्हा काहीतरी बोलणार, आणि पुन्हा कोणीतरी येऊन ते पायरीवर ऐकवणार.

"डोळ्यांचं सगळं मी बघितलंय," तो म्हणाला.

"मग झालंच की. घरात जाणता माणूस असताना मी कशाला डोळ्यांत बोट घालू?" गोळीवाल्यांनी कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या बांधल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परत येताना भिंगरीने विचारलं, "बाबा, मी चुकीचं बोलले का?"

"नाही. पण विचारलं तेवढंच सांगावं."

ती हे शिकली. पोरं नको ते लवकर शिकतात.

तिसऱ्या चष्म्याच्या वेळी काचवाला थोडा मेटाकुटीला आला होता. पेटीतल्या तिरप्या काचा संपत आल्या होत्या. एकावर एक दोन बसवल्या, फ्रेम जड झाली, भिंगरीच्या नाकावर लाल वळ उठला. तो खिशातून बॅटरी काढून बटण चाचपत होता, इतक्यात ती म्हणाली, "एक."

"थांब गं, बॅटरी अजून लावलीच नाही," तो हसला. मग लावली.

"एक," ती म्हणाली.

"रेघ दिव्यावर?"

"दिव्यावरच."

त्याने तिला फिरवलं. खुर्ची थांबली तेव्हा ती खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसली होती आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं. पण काचवाला तोवर पडद्यामागे गेला होता.

बेकरीच्या सुट्टीचा दिवस. आईने पोरीला न्हाऊ घालायला घेतलं. चष्मा काढून खिडकीत ठेवला, केसांवर पाणी ओतलं, साबण लावला, धुतला, आणि टॉवेल पुढे धरला. भिंगरीने हात पुढे केला तो टॉवेलच्या शेजारी, हवेत. मूठ आवळली, उघडली, पुन्हा हवेतच आवळली.

"अगं हा काय, घे ना."

पुन्हा हवेत. आईला वाटलं, खेळ चाललाय. मागच्या आठवड्यात शाळेतून सोंगांबद्दल निरोप आला होता, त्याचा राग होताच. तिने पोरीच्या हातावर फाडकन चापट मारली. "पुरे झाली थेरं!"

भिंगरी रडली नाही. "दोन आहेत ना," ती म्हणाली. "कुठला घेऊ?"

"काय दोन?"

"टॉवेल. तूपण दोन आहेस."

आईने खिडकीतला चष्मा घेतला, पोरीच्या ओल्या कानांवर चढवला. "आता?"

भिंगरीने दाराकडे बघितलं.

"आता किती, बाळा?"

"बाबांना सांगशील?"

"नाही सांगणार."

"आतापण दोनच. पहिला चष्मा केला ना, तेव्हा खरंच एक होतं. मग नव्हतं. पण दोन म्हटलं की बाबांचं तोंड कसंतरी होतं. एक म्हटलं की ते मला फिरवतात." मग तिने घाईघाईने जोडलं, "मी आवाज न करता ओकते, आई. तुला उठवत नाही."

त्या बाईने आपली चापट मारलेली बोटं बघितली. मग पोरीला टॉवेलात गुंडाळलं, कडेवर घेतलं, नऊ वर्षांची, लांब पायांची पोर, आणि जिना उतरली. पडद्यामागे दगड फिरत होता. तिने पडदा ओढला तो दांडीसकट खाली आला.

"तुला माहीत होतं?"

लग्नापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती. काचवाल्याला आधी तो शब्दच कळला नाही.

"तिला दोन दिसतं, तुला माहीत होतं?"

"अगं, ते मी ठीक केलंय. तिसरा नंबर..."

पुढचं ऐकायला ती थांबली नाही. ओल्या केसांची पोर घेऊन, अनवाणी, गाड्यांच्या मधून ती रस्ता ओलांडून गेली. एका गाडीने करकचून ब्रेक मारला, आतल्या माणसाने शिवी दिली. काचवाला पायरीवर उभा राहिला. मग तोही गेला, काचेच्या चिखलाने माखलेला ॲप्रन तसाच.

डॉक्टरीणबाईंनी रांगेतल्या माणसांना थांबवलं, खोलीत अंधार केला आणि हातातल्या छोट्या दिव्यातून त्या भिंगरीच्या बुबुळात डोकावल्या. एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. चहा गाळायला लागतो तेवढा वेळही लागला नाही. इतक्या दिवसांत काचवाल्याने जे करू दिलं नव्हतं ते एवढंसंच होतं.

"मागची नस सुजलीय. दोन्हीकडे," त्या म्हणाल्या. "डोक्यात दाब वाढलाय. सकाळी दुखतं? उलटी होते आणि मग बरं वाटतं?"

"हो," आई म्हणाली. ते सोंग नव्हतं, हे तिला आत्ता, न्हाणीघरात कळलं होतं.

"मान कलती ठेवते? तोल जातो?"

"हो."

"दोन दिसायला लागून किती दिवस झाले?"

आईने काचवाल्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनीही. त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, आडवा फिरवून कड नीट निरखून बघितली.

"काम सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "अशी तिरपी काच या गावात मला कोणी घासून देत नाही. हे करायला कोणी सांगितलं होतं?"

काचवाल्याने ॲप्रनला हात पुसले.

"मोठ्या हॉस्पिटलात न्या. आत्ता. उद्या नाही." त्यांनी आईच्या हातात चिठ्ठी दिली आणि चष्मा काचवाल्याच्या हातात. "हिची तक्रार होती तेवढीच वाचवणार होती हिला. ती तुम्ही घासून टाकलीत."

दवाखाना भरलेला होता. पण या वेळी पायरीवर येऊन ते ऐकवायला कोणी आलं नाही.

डोक्याचा फोटो काढला. मागच्या बाजूला गाठ होती, लिंबाएवढी, आणि तिने मेंदूतल्या पाण्याची वाट अडवली होती. ऑपरेशन झालं. गाठ अख्खी निघाली, आणि साधीच निघाली, परत न येणारी. हॉस्पिटलातले डॉक्टर बाहेर आले तेव्हा ते दमलेले होते आणि खूश होते. "पोरगी वाचली," ते म्हणाले. आई भिंतीला टेकून खाली बसली. काचवाल्याने त्यांचे हात धरले.

पट्टी असताना भिंगरी विचारायची, "लाइट गेलेत का?" पट्टी डोळ्यांवर नव्हती. डोक्याला होती.

आधी सगळं धूसर दिसायचं, मग राखाडी, मग तेही गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. दाब महिनोन्‌महिने राहिला, नसा सुजून सुजून वाळल्या. आता दाब नाही, पण नसाही नाहीत. दोन दिसायला लागलं तेव्हाच आणली असती, तर शाळेचं एखादं सत्र बुडालं असतं, एवढंच.

काचवाल्याने त्यावर जे विचारलं ते ऐकून नर्सनेही मान फिरवली. त्याने विचारलं, "नंबर काढून बघितला तर?"

डॉक्टर म्हणाले, "नंबर कशाचा काढणार?"

बायकोने घर सोडलं नाही. ती पहाटे बेकरीत जात राहिली आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलत राहिली, अरे-तुरेतच. पोरीला मात्र आता ती सुट्टीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून जवळ घेऊन बसायची आणि चापट मारलेला हात तिच्या अंगाला लावायची नाही, दुसरा लावायची. भिंगरीला ते कळत नव्हतं. तिला वाटे, आईच्या हाताला काहीतरी लागलंय.

सकाळी भिंगरीला सांभाळायला बापच होता, म्हणून ती दुकानात बसायची, त्याच गोल खुर्चीवर. डोकं आता दुखत नव्हतं. भूक चांगली लागायची. ती गालात भरली होती आणि मान सरळ झाली होती, बोटं लावायची गरज उरली नव्हती. फ्रेम चाचपून कोणती कोणाची ते सांगायचा तिला नाद लागला. एकदा कपाटाच्या खालच्या खणात तिला तीन चष्मे सापडले. तिने काचांच्या कडांवरून बोट फिरवलं. "हा माझा पहिला. हा दुसरा. आणि हा जाडा, हा तिसरा. हो ना, बाबा?"

"हो," काचवाला म्हणाला.

गिऱ्हाइकं कमी झाली, पण थांबली नाहीत, लोकांना चष्मे लागतातच. एका दुपारी शिंपी आला. पायरीवर उभा राहिला. चांगल्या डोळ्याने त्याने खुर्चीवर बसलेल्या पोरीकडे बघितलं, मग काचवाल्याकडे.

"माझा एकच घेतला होतास," तो म्हणाला आणि निघून गेला.

"कोण होतं, बाबा?" भिंगरीने विचारलं.

काचवाला कपाटाला धरून उभा होता. रडत नव्हता, रडणं त्याला कुठून सुचणार. त्याचा श्वास फक्त अडकत अडकत येत होता, आणि आंधळ्या पोरीच्या कानांतून ते सुटलं नाही. तिने खुर्चीचे हात धरले. हे तोंड कसंतरी होतानाचं मौन तिच्या ओळखीचं होतं, आणि त्यावरचा उपाय तिला माहीत होता.

"बाबा, फ्रेम लावा ना. आपण बघू."

त्याने लोखंडी फ्रेम काढली आणि तिच्या नाकावर चढवली. का चढवली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सवयीने त्याची दोन बोटं हनुवटीखाली गेली, सरळच असलेली मान त्याने सरळ केली. मग तो तसाच उभा राहिला.

"विचारा ना," भिंगरी म्हणाली.

त्याची बोटं हनुवटीखालीच राहिली.

"एक, बाबा," ती म्हणाली, आणि फिरवणार म्हणून तिने हात आणखी घट्ट धरले. "एकच दिसतंय."

बॅटरी अजून खणातच होती.